वाटीची खोड

गावचं घर आवरताना माळ्यावरच्या एका पितळी डब्यात, पंचाच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेली तांब्याची वाटी सापडली. तळहातावर मावेल एवढी, करवंटीसारखी गोल. पत्रा इतका पातळ की टिचकी मारली तर नाद बराच वेळ कानात रेंगाळावा. आतून-बाहेरून हिरवी पडलेली, आणि तळाशी मधोमध एक बारीक भोक. भाचीनं ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाली, "मामा, ही फुटकी आहे. मोडीत द्यायची ना?"

मी ती तिच्या हातून काढून घेतली. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं त्या भोकानं लावली होती.

धाकट्या आत्याच्या लग्नात मी आठ वर्षांचा होतो. आजोबा गावजोशी. मुहूर्त सूर्योदयानंतरच्या नवव्या घटकेचा होता. आदल्या रात्रीच पाणी शेंदून, तिहेरी धोतरातून गाळून घंगाळात भरून ठेवलं होतं. पहाटे आजोबा मला उठवून अंगणात घेऊन गेले. पूर्वेला टेकडीच्या कडेवर सूर्याची पहिली कोर दिसली तेव्हा त्यांनी हातातली वाटी अलगद पाण्यावर सोडली. शेजारी पाटावर सुपाऱ्या मांडल्या होत्या. माझं काम एवढंच : वाटी बुडाली की "बुडाली!" म्हणून ओरडायचं आणि एक सुपारी डावीकडून उजवीकडे सरकवायची.

मी घंगाळावर ओणवा होऊन बघत बसलो. वाटीच्या तळातून पाणी वर येत होतं. एखादा झरा उलटा पाहावा तसा बोटभर उंचीचा तो उमाळा आधी थरथरायचा, मग आतलं पाणी वाढलं की त्याच्या खाली दबून जायचा. पुढची बरीच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटायचं. वाटी नुसती जड होत जायची. शेवटी काठ पाण्याच्या बरोबरीला यायचा आणि क्षणभर पाणी काठाबाहेर फुगून थांबायचं, आत यायला कचरत असल्यासारखं. मग एकदम चारी बाजूंनी आत घुसायचं. 'डुबुक' असा बारीक आवाज व्हायचा आणि वाटी डुलत डुलत तळाला जायची. आजोबा हात घालून तिला वर काढत, एका हिसड्यात रिकामी करत आणि पुन्हा सोडत.

मांडवात तेव्हा मनगटी घड्याळं पुष्कळ होती. रेल्वेतले मुंबईचे काका आकाशवाणीवरच्या वेळेशी आपलं घड्याळ रोज जुळवून घेत. पहाटे वाटी सोडली तेव्हा त्यांनीही वेळ पाहून ठेवली होती, सहा वाजून एकोणीस मिनिटं. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. नऊ घटकांची झाली दोनशे सोळा, म्हणजे नऊ पंचावन्नला अक्षता पडायला हव्यात. मी नववी सुपारी सरकवली तेव्हा काकांच्या घड्याळात दहा मिनिटं कमी दहासुद्धा झाले नव्हते. मंडळी अक्षता मुठीत घेऊन सरसावली. आजोबा मात्र हललेच नाहीत. त्यांनी वाटी दहाव्यांदा सोडली आणि आत चढणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. वाटी बऱ्यापैकी भरल्यावर, बुडायला अजून पुष्कळ अवकाश असताना, त्यांनी हात वर केला. सनई सुरू झाली. काकांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि ते आजोबांकडे बघतच राहिले. नऊ पंचावन्न. आजोबांनी तर घड्याळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

ते त्यांना कसं साधलं हे मला पुढे कित्येक वर्षं कळलं नाही.

मराठीत वेळ सांगणारे निम्मे शब्द भांड्यांचेच आहेत. घटी म्हणजे लहानसा घट. तिच्यावरून घटका आली आणि तिच्याच कुळातलं घड्याळ. 'तास' हा शब्द अरबी-फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ वाडगा. घटकाभर टेका असं आपण पाहुण्याला म्हणतो तेव्हा एक वाटी बुडेपर्यंत बसा असं सांगत असतो. आजारी माणसाची घटका भरत आली असं म्हणतो तेव्हा तर ती वाटी डोळ्यांसमोर येतेच. काठाशी आलेलं पाणी, आणि त्याचं ते क्षणभर थांबणं.

घटकेच्या आत साठ पळं, पळाच्या आत साठ विपळं. पळ म्हणजे चोवीस सेकंद. पण सूर्यसिद्धान्तात पळाच्या खाली जे माप आहे त्यानं मी नेहमी भारावून जातो. त्या मापाचं नाव प्राण. निरोगी माणसाचा एक श्वास, किंवा दहा दीर्घ अक्षरं उच्चारायला लागणारा वेळ. असे सहा प्राण मिळून एक पळ. म्हणजे एक प्राण चार सेकंदांचा, आणि दिवसरात्रीचे प्राण होतात एकवीस हजार सहाशे. आकाशाच्या वर्तुळाचे अंश ३६०, अंशाच्या कला साठ. त्यांचा गुणाकारही एकवीस हजार सहाशेच. माणूस एक श्वास घेतो तेवढ्यात आकाश एक कला फिरतं. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं तो रात्री उघड्यावर निजला असणार असं मला वाटतं.

घटिकापात्राची, म्हणजे अशा वाटीची, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट भास्कराचार्यांच्या मुलीची, लीलावतीची. लग्नाच्या वेळी ती वाटीत डोकावली, अंगावरचा एक मोती निखळून आत पडला, भोक बुजलं, आणि मुहूर्त कुणाला न कळता निघून गेला. ही कथा आपल्यापर्यंत आली ती फैजीनं १५८७ मध्ये 'लीलावती' या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं त्यातून, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्याला वाटीचा जीव कशात असतो हे पक्कं ठाऊक होतं. आजोबा तिहेरी धोतरातून पाणी गाळायचे ते उगाच नाही.

भास्कराचार्यांचं घटिकापात्राविषयीचं जे वचन मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्याआधीच्या ग्रंथांत वाटीच्या मापाचे काटेकोर नियम होते : तांबं किती तोलाचं, उंची किती, भोक केवढ्या जाडीच्या सोन्याच्या तारेएवढं. 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं. घटाच्या अर्ध्या भागासारखी तांब्याची वाटी घ्या, तिच्या तळाला भोक पाडा, दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि दिवसरात्रीला त्या आकड्यानं भागा. येईल ते त्या वाटीचं माप. बस्स! भोक लहान-मोठं का होईना, वाटीनं शास्त्राला जुळायची गरज नाही. तिची खोड काय आहे ते तुम्ही ओळखा. चाळीसगावजवळच्या पाटण गावात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ उभा केला, अशी त्यात नोंद आहे. त्या मठातल्या घंगाळात वाट्या बुडत असतील, आणि कुणीतरी पोर सुपाऱ्या सरकवत असेल.

शहरात परतल्यावर मी सुईनं वाटीचं भोक मोकळं केलं आणि स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात ती सोडली. हातात फोनचं घड्याळ. भोक तुंबलेलं असताना तिनं सव्वीस मिनिटं घेतली होती. आता साडेबावीस घेतली. पुन्हा सोडली, पुन्हा जवळपास तेवढीच. मग पाणी कोमट करून पाहिलं. ऊन पाणी पातळ होतं, भोकातून सरसर चढतं. वाटी लवकर बुडाली. आजोबा रात्रभर निवलेलं पाणीच का वापरत याचा तेव्हा उलगडा झाला. साडेबावीसनं १४४० मिनिटांना भागलं तर चौसष्ट येतात. माझ्या वाटीच्या चौसष्ट बुड्या म्हणजे एक दिवस.

जॉन हॅरिसननं समुद्रावर चालेल असं घड्याळ करण्यात आयुष्य घालवलं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून घरच्या बंदराची वेळ जहाजावर बिनचूक सांभाळता आली की आपण पूर्व-पश्चिम किती आलो ते कळतं. हेलकावणाऱ्या डेकवर वाटीही चालत नाही आणि लंबकही नाही. त्याचं चौथं घड्याळ, मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढं, १७६१ मध्ये इंग्लंडहून जमैकाला निघालं. एक्याऐंशी दिवसांनी त्याची चूक भरली सुमारे पाच सेकंद. पण हा आकडा सांगताना एक तपशील बहुधा गळून जातो. ते घड्याळ रोज अडीच सेकंदांहून थोडं जास्त मागे पडायचं. हे निघण्याआधी पाहून ठेवलेलं होतं, आणि तेवढं वजा करून उरली ती पाच सेकंदं. मागे पडणारं घड्याळ चालतं. रोज तेवढंच मागे पडलं पाहिजे, एवढंच.

मुंबईच्या काकांचे वडील गिरणीत होते, आणि काकांच्या घरात 'मुंबई टाइम' हा शब्द वडील गेल्यावरही टिकून राहिला. १ जानेवारी १९०६ पासून देशभर साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ प्रमाण धरली गेली. मुंबई त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला. तिची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटांनी मागे. गिरणी कामगारांनी त्याच जानेवारीत काम बंद पाडलं. घड्याळ पुढे ढकललं म्हणजे पहाटेच्या झोपेतूनच तेवढा तुकडा कापून घेतला, हा त्यांचा राग मला अगदी रास्त वाटतो. महापालिकेनंही आपल्या घड्याळांत मुंबईचीच वेळ ठेवली. ही हुज्जत पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चालली, १९५५ पर्यंत. आजही मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीनं बारा एकोणचाळीसला. घड्याळातल्या बाराला दुपार म्हणायची सवय आपल्याला झाली. सावलीला ती अजून झालेली नाही.

त्याच १९५५ मध्ये लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचं पहिलं भरवशाचं घड्याळ चालवलं. सीझियमचा अणू एका ठरावीक कंपनसंख्येच्या सूक्ष्मलहरींनाच प्रतिसाद देतो, जराही इकडेतिकडे झालं तर देत नाही. तेव्हा कंपनं मोजायची आणि वेळ सांगायची. पण एका सेकंदात कंपनं किती, हे ठरवायचं कसं? त्यांनी नेमका भास्कराचार्यांचाच रस्ता धरला. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतले विल्यम मार्कोविट्झ ताऱ्यांमधून सरकणाऱ्या चंद्राची छायाचित्रं घेत होते. तीन वर्षं एकीकडे चंद्र आणि दुसरीकडे अणू मांडून त्यांनी हिशेब केला. आकडा आला ९,१९,२६,३१,७७०. वाटी दिवसात चौसष्ट वेळा बुडते, सीझियमची वाटी एका सेकंदात नऊ अब्जांहून अधिक वेळा. भागाकार तोच.

मग १९६७ मध्ये नातं उलटलं. इतकी कंपनं म्हणजेच सेकंद, असं ठरलं. तोवर आकाश पाहून वाट्या तपासल्या जात होत्या, आता वाटीनं आकाश तपासायचं. तपासल्यावर पृथ्वीची खोड बाहेर आली. भरती-ओहोटीच्या ओढीनं ती हळूहळू मंदावते, शतकाला दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. एवढंच असतं तर चाललं असतं. पण तिच्या पोटातल्या हालचालींनी, बर्फानं, वाऱ्यांनी तिचा वेग मध्येच कमी-जास्त होतो, आणि तो पुढे कसा बदलेल हे आधी सांगता येत नाही. तिची खोड ठरलेली नाही. म्हणून तिला उतरावं लागलं. तिची वाट पाहण्यासाठी १९७२ पासून २०१६ पर्यंत सत्तावीस वेळा घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. शेवटचा आपल्याकडे आला तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, साडेपाचच्या आधी. मी मुद्दाम उठून गच्चीत बसलो होतो. फोनवर काही वेगळं दिसलं नाही. थंडी होती, कुठेतरी दूध तापल्याचा वास येत होता. त्या पहाटे पाच एकोणतीसचं मिनिट एकसष्ट सेकंदांचं होतं, आणि सगळं जग क्षणभर पृथ्वीसाठी थांबलं होतं, एवढं ठाऊक असणंही मला पुरलं.

२०२२ मध्ये ठरलं की २०३५ पर्यंत ही थांबायची पद्धत मोडायची. संगणकांची जाळी त्या एका सेकंदानं अडखळतात, हे कारण खरं आहे. तरीही मला हळहळ वाटते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा म्हाताऱ्या माणसासाठी पाऊल आवरतं घेण्यात काय जात होतं?

आता कुठलंच एक घड्याळ मालक नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आपली अणुघड्याळं आहेत. तशी जगभरच्या प्रयोगशाळांत मिळून चारशेहून अधिक. त्या सगळ्यांचे आकडे पॅरिसजवळ सेव्रला जातात, त्यांची सरासरी काढली जाते, आणि दर महिन्याला एक पत्रक निघतं : गेल्या महिन्यात अमक्याचं घड्याळ इतके नॅनोसेकंद पुढे होतं, तमक्याचं इतके मागे. खरी वेळ किती होती हे काही दिवस उलटून गेल्यावर कळतं. जगाची वेळ म्हणजे दर महिन्याला भरली जाणारी खोडींची वही.

आणि घड्याळ फार सूक्ष्म झालं की वेळच फाटायला लागते. २०२२ मध्ये अमेरिकेत बोल्डरला स्ट्राँशियमच्या अणूंचा एक मिलिमीटर उंचीचा पुंजका मोजला गेला. वरच्या अणूंचा वेळ खालच्यांपेक्षा किंचित भरभर चालला होता, गुरुत्वाकर्षणाबद्दल आइन्स्टाइननं सांगितल्याप्रमाणेच. हे वाचल्यापासून पातेल्यातल्या वाटीकडे बघण्याची माझी नजर बदलली. काठावरचा वेळ आणि भोकाजवळचा वेळ एक नाहीत. वाटी बुडते तेव्हा काठ भोकाच्या वेळेकडे खाली जात असतो.

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की द्राक्षांच्या बागांच्या मागे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या दिसायला लागतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस थाळ्या त्या मुलखात पसरल्या आहेत. जवळ जाऊन खालून पाहिलं तर आरपार निळं आकाश दिसतं. थाळी पत्र्याची नाही, पोलादी तारांच्या जाळीची आहे. वारा तिच्यातून निघून जातो आणि रेडिओलहरी तेवढ्या अडतात. त्या जाळीखाली मान वर करून उभा होतो तेव्हा मला आमची वाटीच आठवली. तिच्यात भोकातून पाणी चढायचं, हिच्यात वरून स्पंदकांची टिकटिक पडते. स्पंदक म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा भोवऱ्यासारखा फिरणारा गाभा. १९८२ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीला सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा स्पंदक सापडला. तो शोधणाऱ्यांत बर्कलीचा एक तरुण विद्यार्थी होता, श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कुरुंदवाडचा. हे स्पंदकही मंदावतात, पण इतक्या शिस्तीत मंदावतात की त्यांची खोड वर्षानुवर्षं आधी मांडून ठेवता येते. मांडलेल्या वेळेपेक्षा ठोका जरा लवकर किंवा उशिरा आला तर वाटेत अवकाशच ताणलं-आकसलं असेल, असा तर्क करता येतो. खोडदच्या निरीक्षणांचा वाटा असलेला तसा पुरावा २०२३ च्या जूनमध्ये जगापुढे आला. गुरुत्वीय लहरींची संथ गुणगुण. आकाश पुन्हा घड्याळ झालं आहे, या खेपेला पृथ्वीच्या फार पलीकडचं.

दिवाळीआधी भाची आली आणि तिनं वाटी चिंच-मिठानं घासायला घेतली. हिरवा कळंक सुटत गेला, तांब्याचा लाल रंग वर आला. मग तिनं हाक मारली. काठाच्या आत, नखाएवढ्या जागेत, खिळ्यानं कोरल्यासारखे दोन आकडे होते.

६२.

मी कागद ओढला. १४४० भागिले बासष्ट. तेवीस मिनिटं आणि चौदा सेकंद. नऊ घटका म्हणजे दोनशे सोळा मिनिटं, म्हणजे नऊ बुड्या आणि वर एका बुडीचे तीन दशांश. नऊ सुपाऱ्या, आणि बऱ्यापैकी भरलेली दहावी वाटी. अंतरपाट धरून हात भरून आलेली माणसं, आणि पाण्याकडे बघणारे आजोबा.

त्यांनीच कोरलं असेल की त्यांच्या वडिलांनी, हे सांगणारं आता कुणी नाही. पण कुणीतरी एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत या वाटीजवळ बसलं होतं, हे नक्की. मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात हात घालून तिला वर काढत असेल. एकट्यानं जमणारं काम नव्हे ते, डुलकी लागली तर सगळा दिवस वाया. पहाटेकडे दुसरं कुणी उठून शेजारी येऊन बसलं असेल. तेव्हा बासष्ट होत्या. आज चौसष्ट होतात. एवढ्या लग्नांत पाण्यानं भोक थोडं रुंदावलं, थोडं माझ्या सुईनंही ओरखडलं असेल. चौसष्टचा आकडा मी फोनचं घड्याळ लावून, दोन-तीन बुड्यांवरून काढला. ज्यानं बासष्ट कोरले त्यानं ते सगळे मोजले होते.

आज पाणी गाळून ठेवलं आहे. भाची म्हणाली, रात्री दोनपर्यंत मी जागते, मग तू. पाटावर सुपाऱ्या मांडल्या आहेत, सत्तर, थोड्या जास्तच. गच्चीच्या कठड्यावरून पूर्वेकडची इमारत दिसते आणि तिच्या टाकीच्या कडेला तांबूस होत चाललंय. वाटी माझ्या हातात आहे. भाची कठड्याला रेलून टाकीकडे बघतेय.

"आली का कोर?" मी विचारतो.

"थांब," ती म्हणते, "अजून नाही."